एक ते चार

२ जून

खोडरबर,

आशीर्वाद नेहमीचेच. पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्यापलीकडे जात नाही. चौथ्याला तू मध्येच बोलतोस आणि पाचव्याला मी फोन ठेवते. गेल्या वेळी ठेवला तो तुझ्यासाठी अजून उचललेला नाही आणि उचलणारही नाही. कागदावर तरी तुला माझं वाक्य तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तर ऐक. आमच्या भिंगरीचा इंजिनिअरिंगचा फॉर्म वीस तारखेच्या आत भरायचा आहे. कॉलेज ठरलं, शाखा ठरायची आहे. रकाने चार: सिव्हिल, कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल. मार्क असे आहेत की पहिली मागेल ती मिळेल. म्हणजे जे काही चुकेल ते आपल्याच हाताने चुकेल.

घरात सकाळ-संध्याकाळ एआयचं कीर्तन चालू आहे. तुझे दाजी अठरा वर्षं स्वतः प्रोग्रॅम लिहीत होते, हल्ली मशीनने लिहिलेले वाचत बसतात आणि दिवसभर चडफडतात. तरी म्हणतात, कॉम्प्युटरच घे, ज्याच्या हाती ससा तो पारधी. ससा नेमका कुणाच्या हाती आहे, असं मी विचारलं तर ताटावरून उठले. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणतात इलेक्ट्रिकल, कारण वीज काय, लागणारच. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती भिंगरी तोंडातून अक्षर काढत नाही. परवा तिने बाथरूमच्या दाराची कडी खोलून टेबलावर पसरली होती. तुझे दाजी आत होते.

आमच्या पंपघरात उत्तम चाललंय. नवी यंत्रणा बसवली. आता मला एका खुर्चीत बसून तिन्ही पंपघरं पडद्यावर दिसतात. हिरवा दिवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे पळ. मजा आहे माझी.

तुझ्याकडून एकच हवंय. या मशीनच्या अकलेपुढे चार शाखांचं काय होणार, ते एक ते चार आकडे घालून कळव. भाषण नको. तू कारणं द्यायला लागलास की सिमेंटच्या शोधापासून सुरुवात करतोस. नुसते आकडे.

तुझी ताई

---

७ जून

ती. ताईस नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण कंबर धरली आहे. घातला असता तर तिथेच राहिलो असतो.

सल्ला मागायचा आणि तोंडही बांधून ठेवायचं, हे तुलाच जमतं. लहानपणी मी चित्र काढायचो आणि तू म्हणायचीस, रंग दे पण रेषेबाहेर जाऊ नकोस. मग मी खोडत बसायचो आणि तू मला खोडरबर म्हणायचीस. चाळिशी ओलांडली तरी तुझी रेष काही हलत नाही.

मी मजेत आहे. महिनाभर जुन्या पुलांची यादी करतोय. अकरा पूल. पहिल्या नंबरावर शाळेकडे जाणारा पायी पूल आहे. त्यावरून पोरं दप्तरं नाचवत जातात आणि तिकडे बघितलं की मला घास गिळवत नाही. बाकी ऑफिस ठीक. साहेबांनी मला नवा शिक्काही करून दिलाय.

आता तुझे आकडे. पाच मिनिटांचं काम वाटलं होतं, चार दिवस लागले. तीनदा खोडलं. पहिल्या नंबरावर माझीच शाखा आहे, हसू नकोस. मी स्वतःला सूट दिलेली नाही.

१. सिव्हिल
२. कॉम्प्युटर
३. इलेक्ट्रिकल
४. मेकॅनिकल

कारणं गिळून टाकतो, तुझी आज्ञा. भिंगरीला हा कागद दाखव. दाजींना दाखवायचा की नाही ते तू ठरव.

तुझा,
खोडरबर

---

२१ जून

खोडरबर,

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस, पेन भिकार आहे.

हसू नकोस म्हणालास, तर मी हसले नाही. चिडले. आपला तो बाब्या म्हणतात ते हेच. स्वतःची शाखा पहिली आणि बहिणीची शेवटची! वर म्हणतोस, स्वतःला सूट दिलेली नाही. अरे, याहून मोठी सूट कुठल्या दुकानात मिळते? नवा शिक्का मिळाला म्हणजे बढतीच झाली असणार, मग काय, आभाळ दोन बोटं उरलं.

पंचवीस वर्षं मी त्या पंपांच्या पोटात हात घालते आहे. पंपाच्या आवाजावरून मला त्याचं दुखणं कळतं. गावाच्या नळाला सकाळी पाणी येतं तेव्हा माझं नाव कुणी घेत नाही, ते सोड. पण माझा सख्खा भाऊ मला चौथ्या नंबरावर बसवेल असं वाटलं नव्हतं. तुला पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर कुणी धरायला शिकवला? मीच ना?

दाजींना तुझा कागद दाखवला. ते म्हणाले, उंटावरचा शहाणा.  मलाही तुझा राग आलाच होता, पण म्हटलं, राग वेगळा आणि विश्वास वेगळा. तू खोटं सांगणार नाहीस हे मला ठाऊक आहे. दाजींना मी बजावलं, माझा भाऊ सांगतो तसाच क्रम जाईल.

भिंगरीने तुझं पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाली, आई, हे मी ठेवून घेऊ? आणि फॉर्म तिनेच भरला, तुझ्या क्रमाने, वर सिव्हिल. काल मुदत संपली आणि त्याला कुलूप लागलं. झालं समाधान? घे, तुझ्या वंशाला दिवा मिळाला.

मी मात्र चौथी ती चौथी.

ताई

---

२५ जून

ताई,

नमस्कार-चमत्कार काही नाही. कपाळ बडवून बडवून लाल झालंय.

अगं, माझ्या यादीत पहिला म्हणजे सगळ्यात आधी कोसळणारा! पुलांची यादी आम्ही तशीच करतो. एक नंबर म्हणजे सर्वात धोक्याचा. शेवटचा नंबर म्हणजे ठणठणीत. आमच्या ऑफिसात पहिला नंबर कुणालाच नको असतो. वीस वर्षं हेच केलं, त्यामुळे एक ते चार म्हटल्यावर माझा हात आपोआप तसाच चालला. तुझ्या घरी पहिला म्हणजे पेढेवाला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुला काल पाच फोन केले. तू उचलला नाहीस, शब्दाची पक्की आहेस. दाजींना केला. ते म्हणाले, ‘आता कशाला?’ आणि ठेवला. माझा शब्द आता त्या घरात चालणार नाही हे कळलं. म्हणून कागदच घेऊन बसलो.

आता कारणं ऐकावीच लागतील. जी तू मला गिळायला लावलीस तीच.

तुझी शाखा चौथी, कारण ती सगळ्यात टिकणारी. पंपातल्या ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालणारं मशीन अजून कुणाला परवडत नाही. इलेक्ट्रिकल तिसरी, आराखडा मशीन काढेल पण पॅनेल जळायला लागलं की वास माणसालाच येतो. कॉम्प्युटर दुसरी. तिथे दाजींसारख्या मुरलेल्यांना काम राहील, पण नव्यांना दारच नाही. खालची पायरी मशीनने उचलून नेली, आता वर चढणार कुठून? आणि माझी पहिली. माझ्यासारखे लोक जे करतात ते सगळं कागदावर असतं, आणि कागद म्हणजे मशीनचं रोजचं जेवण. आमच्या ऑफिसात अकरा टेबलं होती. आता तीन आहेत. आठ टेबलं एकावर एक रचून जिन्याखाली ठेवलीत, रोज त्यांच्यावरूनच वर जावं लागतं.

हे मी तुला लिहिलं नव्हतं. नव्या शिक्क्याचंही अर्धंच लिहिलं, कारण लाज वाटली. आता सांगतो.

माझा जुना शिक्का होता ‘तपासले’. मशीन पुलाचे चाळीस आराखडे चहा येईपर्यंत काढतं. त्यातला एक माझ्यापुढे आला. खांबाखाली खडक आहे असं धरलेलं. मला ते पटेना. मी बसने गेलो, नाल्यात उतरलो, पहारीने खणून बघितलं. खडक नव्हता. कुणीतरी कधीकाळी राडारोडा टाकून सपाट केलेली जागा होती. काम आठ दिवस लांबलं. साहेब ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला एक छोटी डबी दिली. आत नवा शिक्का. ‘पाहिले’. म्हणाले, तपासायला वेळ जातो, पाहायला जात नाही. आता दिवसाला तीस कागद येतात. मी पाहतो. शिक्का मारतो. खाली सही करतो. उद्या पूल पडला तर सही माझी आहे. मशीनला सही नसते.

ही तुझी बढती.

या नोकरीत मी भिंगरीला ढकललं, आणि तेही तिने विश्वास ठेवला म्हणून. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. पाच जुलैपर्यंत शाखा बदलण्याचा अर्ज करता येतो, मी चौकशी केली आहे. एकदाच करता येतो. ताई, हात जोडतो. माझ्यावर हवं तितकं रागाव, पण तो अर्ज भर. मेकॅनिकल टाक. तुझ्या हाताखाली शिकेल.

खोडरबर

---

२९ जून

मामा,

आईचं पत्र नाही आलं म्हणून रागावू नकोस, मी लिहिते आहे. आईने मला लिहू नकोस असं सांगितलंय, म्हणून पोस्टात टाकायला मीच जाणार आहे.

पहिलं हे की तुझी चूक झाली नाही. म्हणजे झाली, पण फक्त आईसाठी. मागच्या सुट्टीत मी तुझ्याकडे आले होते तेव्हा तू मला पुलांच्या यादीची स्वच्छ प्रत करायला बसवलं होतंस. दोन दिवस. हाताला गोळा आला होता. त्यामुळे एक नंबर म्हणजे काय ते मला पाठ आहे. तुझा कागद वाचला तेव्हाच कळलं होतं. आई उलटं समजून धुसफुसत होती, बाबा उंट-उंट करत होते. मी गप्प बसले. माझा स्वभाव वाईट आहे असं तू म्हणू शकतोस.

दुसरं. आईचं पेन भिकार नव्हतं. एकवीस तारखेचं पत्र तिने डाव्या हाताने लिहिलंय. उजवा प्लास्टरमध्ये आहे.

नवी यंत्रणा आली तेव्हा पंपघरातले दोन्ही फिटर काका कमी केले. पडदा सगळं बघतो, मग माणसं कशाला, असं म्हणाले. आता तिन्ही पंपघरांना मिळून आई एकटी आहे. तुला तिने ‘मजा आहे माझी’ असं लिहिलं होतं ना, मी वाचलं होतं ते, आणि मला रडू आलं होतं रागाने. बारा तारखेला सगळे दिवे हिरवे होते. आईला तळपायाला काहीतरी वेगळं जाणवलं. ती खाली उतरली, पंपावर हात ठेवला, आणि बेअरिंग खरंच जायला आलं होतं. तिने पंप बंद केला. वर येताना शिडी सटकली. आधी शिडी धरायला एक काका असायचे. अर्धा तास ती खाली बसून होती, आणि पडद्यावर तेव्हासुद्धा हिरवंच होतं.

म्हणजे मामा, तुझा चौथा नंबरही चुकला. तू लिहितोस, ग्रीसमध्ये हात घालणारं मशीन परवडत नाही म्हणून आईचं काम टिकेल. टिकलंय ना. काम टिकलं, फक्त तीन माणसांचं एकीवर आलं.

आता माझं. मला सगळे विचारतात, कुठली शाखा सुरक्षित. मी तुझं पत्र आणि आईचं प्लास्टर शेजारी ठेवून बघितलं. तू नाल्यात उतरलास. ती पंपघरात उतरली. मशीन ठीक म्हणालं आणि तुम्ही दोघं जाऊन बघून आलात. तुम्ही दोघं एकच काम करता आणि उगाच एकमेकांवर रुसता. त्या कामाला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. मी शोधून बघितलं.

मग मी एवढाच विचार केला. तुझ्या यादीत ज्या पुलाला पहिला नंबर मिळतो, त्याचं तुम्ही काय करता? सोडून देता का? तिथे सगळ्यात आधी माणूस पाठवता. तूच सांगितलं होतंस.

तर मी जाते. अर्ज बदलणार नाही. आईला आता सगळं कळलंय, तीही हो म्हणाली. म्हणजे ‘मरा जा, तू आणि तुझा मामा’ असं म्हणाली.

भिंगरी

ता.क. बाथरूमची कडी बसवली. एक स्क्रू उरला, पण दार लागतं.

---

३ जुलै

ताई,

हातचं राखून लिहिणारी माणसं खूप पाहिली, पण मोडका हात राखून लिहिणारी तूच. पेन भिकार म्हणे! तुझ्या डाव्या हाताच्या अक्षराला मी तुझा राग समजलो. आठ दिवस मनात म्हणत होतो, बघा, रागाने कसं लिहिलंय. आणि मी तुला चौथ्या नंबरावर टाकून वर समजावत होतो की तूच ठणठणीत. माझ्यासारखा गाढव मीच. वीस वर्षं पुलाखाली वाकून बघितलं आणि सख्ख्या बहिणीचं पत्र नुसतं पाहिलं.

तुझ्यावर चिडलोय, ते वेगळं. अर्धा तास? अर्धा तास एकटी? आणि मला लिहितेस काय, तर चौथी ती चौथी!

भिंगरीला सांग, तिच्या पत्राचं उत्तर लिहितोय. म्हणजे खोडतोय. दोन दिवस तेच चाललंय. तिला भीती घालणारं एक वाक्य लिहितो आणि खोडतो, शाबासकीचं लिहितो आणि तेही खोडतो. अजूनही मला वाटतं की तिने चूक केली आहे. अकरातली आठ टेबलं जिन्याखाली आहेत, ती काही तिच्या पत्राने वर येणार नाहीत. तिला हे चार वर्षांनी कळेल तेव्हा ती मला शिव्या देईल, आणि मी ऐकून घेईन. उरलेला स्क्रू मात्र जपून ठेव म्हणावं. स्क्रू कधीच उगाच उरत नाही.

सोमवारी तीस कागद आले. पहिलाच त्या शाळेकडच्या पायी पुलाच्या दुरुस्तीचा होता. मशीनचा आराखडा, खाली माझ्या सहीची जागा. मी पुलाखाली उतरून बघितलं, दुपारी परत आलो, आणि कागदावर जुना शिक्का मारला. ‘तपासले’. बाकीचे एकोणतीस तसेच ठेवले. नवा शिक्का डबीत घालून साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी डबी ड्रॉवरमध्ये टाकली. मग म्हणाले, पंधरा दिवस रजा घ्या आणि विचार करा. रजा घेतली. विचार आधीच झालेला आहे, ते त्यांना सांगितलं नाही.

तू आकडे मागितले होतेस. मागचे खोडून टाक. नवी यादी पाठवतोय, यात एकच नाव आहे.

१. ताई

पहिला नंबर का, ते आता तुला माहीत आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने पोचतो. तोपर्यंत शिडीला हात लावू नकोस. मी धरायला येतोय.

खोडरबर